एक्सेलचे आकडे वर्डमध्ये जोडताना: आधी काय, नंतर काय, आणि लिंक कुठे तुटते

सावदा-रावेरकडची केळीची ऑफिसं असोत, चोपडा-धरणगावच्या जिनिंग असोत की गावोगावच्या पतसंस्था, तक्रार ठरलेली: "एक्सेलमध्ये भाव बदलला, पत्रकात मात्र कालचाच छापून गेला." नाहीतर बरोबर उलटं: "जूनचं पत्रक काढलं, तर त्यात जुलैचे आकडे." दोन्ही वेळा प्रोग्रामने सांगितलं तेच केलेलं असतं. लिंक पेस्ट करणं चुटकीसरशी होतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. फोल्डर, फाइलची नावं, तक्त्याची मांडणी "नंतर बघू" म्हणून राहते. पण लिंकमध्ये आकडा नसतो, आकड्याचा पत्ता असतो. पत्ता पक्का होण्याआधी लिंक केली की नंतरची प्रत्येक आवराआवर तिला तोडते.

पुढच्या पायऱ्यांसाठी केळी खरेदीच्या ऑफिसचं उदाहरण धरू. फाइली तीन. 'भाव' ही एक्सेलची, तिच्यात नवती, कांदेबाग, पिलबाग या केळीच्या प्रकारांचे रोजचे क्विंटलचे भाव. 'हिशेब' हीदेखील एक्सेलची, तिच्यात गाडीवार वजन, कपात, हमाली, रक्कम. आणि 'पत्रक' वर्डची, रोज संध्याकाळी निघते. विंडोजवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस गृहीत धरलं आहे, लिब्रेऑफिसचं शेवटी.

१. लिंक हवीच आहे का, ते ठरवा

आकडा एकदाच द्यायचा असेल, म्हणजे बँकेला दिलेलं पत्र किंवा एखादं कोटेशन, तर लिंक नको. साधं कॉपी-पेस्ट करा. अशा कागदातला आकडा पुढे बदलता कामा नये.

आकडा रोज बदलतो आणि कागदाचा साचा तोच राहतो, तिथे लिंक.

एकाच साच्यात दोनशे शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायच्या असतील, तर तेही लिंकचं काम नाही. वर्डचं मेल मर्ज वापरा, ते एकाच साच्यात एक्सेलच्या यादीतली नावं-आकडे भरून प्रत्येकाचा कागद काढतं. दोनशे वर्ड फाइली करून प्रत्येकीत लिंक टाकणारे दिवाणजी आहेत, आणि दर महिन्याला त्यातल्या पाच-दहा चुकतातच. मेल मर्जमध्ये एकच खोड आहे: एक्सेलमध्ये नीट दिसणारा दर वर्डमध्ये लांबलचक दशांशांसह उतरतो. त्या फील्डवर (म्हणजे आकडा जिथे उतरतो त्या जागेवर) शिफ्ट+एफ९ दाबा, नावापुढे उलटी तिरपी रेघ, हॅश आणि अवतरणात ०.०० असा साचा टाका, मग एफ९. हा साचा इंग्रजी शून्यांनीच लिहायचा.

चौथा प्रकार एम्बेडचा, म्हणजे एक्सेलची फाइलच वर्डच्या आत बसवण्याचा, आणि तो धोक्याचा. पेस्ट स्पेशलमध्ये 'पेस्ट लिंक'ऐवजी नुसतं 'पेस्ट' ठेवून एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट निवडलं, तर दिसतो एक छोटा तक्ता, पण आत अख्खी वर्कबुक जाते. समोरच्याने त्यावर डबल क्लिक केलं की सगळी शीट उघडतात. एका व्यापाऱ्याला पाठवलेल्या पत्रकातून बाकीच्या सगळ्यांचा हिशेब असा बाहेर पडू शकतो.

२. फाइलींना कायमची जागा द्या

डेस्कटॉपवर काम करू नका. डेस्कटॉपच्या पत्त्यात विंडोजच्या युजरचं नाव येतं, बऱ्याच कॉम्प्युटरवर तो वनड्राइव्हला जोडलेला असतो, आणि दुसऱ्या मशीनवर तोच पत्ता जुळत नाही. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, त्यात 'चालू' नावाचं फोल्डर, आणि तिन्ही फाइली तिथेच.

फाइलींची आणि फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, मधे जागा न सोडता ठेवा. मराठी नावं चालतात, पण लिंकचा पत्ता हाताने दुरुस्त करायची वेळ आली की कीबोर्ड बदलत बसावं लागतं. नावात 'फायनल', 'नवीन', 'नवीन२' नको. तारीखही नको, का ते नवव्या टप्प्यात येईल.

पेनड्राइव्हवर मूळ फाइल ठेवून लिंक करणं तर टाळाच. आज तो ई ड्राइव्ह असतो, उद्या एफ होतो.

ऑफिसात दोन-तीन कॉम्प्युटर जोडलेले असतील तर मॅप केलेल्या ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नेटवर्कचा पूर्ण पत्ता वापरा, म्हणजे दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा. ड्राइव्हचं अक्षर प्रत्येक मशीनवर वेगळं असू शकतं.

> तपासा: तिन्ही फाइली एकदा सेव्ह करून, बंद करून त्याच जागेवरून पुन्हा उघडल्या का? कधीच सेव्ह न केलेल्या फाइलला पत्ताच नसतो.

३. मूळ शीट जोडण्याजोगं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

*मर्ज केलेले सेल मोडा.* वर 'आजचे भाव' हे शीर्षक चार रकान्यांत मर्ज केलेलं चालेल, पण जो भाग जोडायचा त्याच्या आत मर्ज नको.

*बेरजेची ओळ आधीच ठेवा, आणि नवी ओळ तिच्या वर घाला.* जोडलेल्या भागाच्या आत ओळ घातली की भाग वाढतो. शेवटच्या ओळीखाली लिहिलं की ती ओळ बाहेर राहते. गाड्या आठ आल्या आणि पत्रकात सातच दिसल्या, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

*भागाला नाव द्या.* जोडायचे सेल निवडा, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये क्लिक करा, इंग्रजीत एक शब्दाचं नाव लिहा आणि एंटर दाबा. एंटर विसरलं तर नाव लागत नाही. नावात जागा चालत नाही, आणि सेलच्या पत्त्यासारखं दिसणारं, म्हणजे दोन अक्षरं आणि एक आकडा असलं, नावही एक्सेल घेत नाही. हे नाव पुढे फार कामाला येतं. वर एखादी ओळ वाढली की तक्ता खाली सरकतो. नुसत्या ओळ-रकान्याच्या पत्त्यावर बांधलेली वर्डची लिंक जुन्याच जागी बघत राहते, नावावर बांधलेली तक्त्याबरोबर जाते.

*रकाने रुंद करा.* वर्डमध्ये मजकूर म्हणून लिंक केलं, की एक्सेलमध्ये जे दिसतं तेच येतं. रकान्यात हॅशची रांग दिसत असेल, तर पत्रकातही हॅशच छापले जातील.

*लाखाचा स्वल्पविराम इथेच जमवा.* ७५ क्विंटलचे १,४५० ने १,०८,७५० होतात, पण विंडोजचं रीजन अमेरिकेचं असेल तर स्वल्पविराम हजार-हजारावर पडतो आणि १०८,७५० असं दिसतं. रीजनमध्ये इंग्लिश-इंडिया निवडा. वर्डमध्ये हाताने स्वल्पविराम टाकून उपयोग नाही, पुढच्या अपडेटला तो पुसला जाणार.

*फाँट.* आपल्याकडची जुनी शीट श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये असतात. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी की आणि चिन्हांची असतात. लिंकने वर्डचा फाँट घेतला, की 'नवती'च्या जागी काहीतरी अगम्य उमटतं. नवं शीट युनिकोडमध्ये (आत मराठी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत) करा, मंगल किंवा निर्मला घ्या. जुनं ठेवायचंच असेल तर लिंक करताना मूळ फॉरमॅट राखा, आणि तो फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहे का ते बघा.

> इशारा: एका शीटमध्ये शेतकऱ्यांची नावं युनिकोडमध्ये आणि दुसऱ्यात कृतिदेवमध्ये असतील, तर डोळ्यांना सारखी दिसली तरी एक्सेलला ती वेगळी आहेत. नावांवर काही शोधू नका. प्रत्येक शेतकऱ्याला खाते क्रमांक द्या आणि त्यावर शोधा.

४. आधी एक्सेलला एक्सेल जोडा

दोन्ही फाइली उघडा. 'हिशेब'मध्ये भावाच्या सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाका, 'भाव' फाइलमध्ये जाऊन हवा तो सेल क्लिक करा, एंटर. एक्सेल फाइलचं नाव चौकटी कंसात, मग शीटचं नाव, मग सेल असा पत्ता लिहितो. फाइल बंद केली की पत्त्याच्या पुढे पूर्ण फोल्डरही दिसू लागतं. घाबरायचं कारण नाही.

आता नेहमीच्या चुका.

पत्त्यात आपोआप डॉलरची चिन्हं ($) येतात. तसंच खाली ओढलं तर सगळ्या ओळींत नवतीचाच भाव येतो. ओढायचं असेल तर आधी पत्त्यावर एफ४ दाबत डॉलर काढा.

मूळ सेल रिकामा असेल तर इथे शून्य येतो. भाव अजून फुटला नाही आणि भाव शून्य आहे, यांत फरक आहे, आणि शून्याने गुणलेली रक्कम कोणाच्या तरी पट्टीवर जाते. म्हणून इफ हे सूत्र लावा: मूळ सेल रिकामा असेल तर रिकामाच ठेव, नाहीतर तो आकडा आण.

'भाव' शीट कोणी सॉर्ट केलं की घोळ होतो. साधी लिंक चौथ्या ओळीतला आकडा आणते. तिथे आता नवती आहे की पिलबाग, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सॉर्ट होणारं शीट असेल तर व्हीलुकअप (नावावरून किंवा क्रमांकावरून आकडा शोधणारं सूत्र) वापरा, आणि शेवटचा पर्याय फॉल्स ठेवा, म्हणजे तंतोतंत जुळलं तरच आकडा येईल.

समइफ आणि काउंटइफ (अट लावून बेरीज आणि मोजणी करणारी सूत्रं) दुसऱ्या फाइलवर लावले, तर ती फाइल उघडी असेपर्यंत चालतात. ती बंद असताना हिशेब झाला की हॅश-व्हॅल्यू (#VALUE!) हा एरर येतो. इनडायरेक्ट (मजकूर म्हणून लिहिलेल्या पत्त्यावरून आकडा आणणारं सूत्र) याचंही तसंच, तिथे हॅश-रेफ (#REF!) येतो. जिनिंगच्या स्टॉकशीटमध्ये हे नेहमी दिसतं: कापूस खरेदीच्या रजिस्टरवर समइफ लावलेलं असतं, आणि मालकांच्या कॉम्प्युटरवर रजिस्टर उघडलेलंच नसतं. तिथे समप्रॉडक्ट हे सूत्र वापरा, किंवा बेरीज मूळ फाइलमध्येच करून फक्त उत्तर जोडा. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण बेरीज कुठे झाली ते कोणालाही सापडतं.

५. मग वर्डला जोडा

'हिशेब' सेव्ह करा. नाव दिलेला भाग निवडा, कॉपी करा, आणि एक्सेल उघडंच ठेवून वर्डमध्ये या. कॉपी केल्यावर एक्सेलमध्ये एस्केप दाबलं किंवा एक्सेल बंद केलं, तर पेस्ट लिंकचा पर्याय मिळत नाही. अनेक जण इथेच "आमच्या वर्डमध्ये ती सोयच नाही" म्हणून सोडून देतात.

कंट्रोल+ऑल्ट+व्ही दाबून पेस्ट स्पेशल उघडा, डावीकडे 'पेस्ट लिंक' निवडा. यादीतलं काय घ्यायचं?

तक्ता असेल तर फॉरमॅटेड टेक्स्ट. तो वर्डचा तक्ता होऊन येतो आणि पानात नीट बसतो. वाक्याच्या मधे एकच आकडा हवा असेल, जसं "आज नवतीचा भाव इतके रुपये", तर अनफॉरमॅटेड टेक्स्ट. नाहीतर एका सेलचा तक्ता वाक्याच्या मधे येऊन बसतो. जोडायचा मजकूर मराठी असेल तर त्यातलं युनिकोड असं लिहिलेलं घ्या, नाहीतर प्रश्नचिन्हं उमटतील. तक्ता हुबेहूब एक्सेलसारखा, रेघांसकट हवा असेल तरच वर्कशीट ऑब्जेक्ट.

आता नावाचं काम. ऑल्ट+एफ९ दाबा. तक्त्याच्या जागी महिरपी कंसात लिंकचा मजकूर दिसेल: प्रोग्रामचं नाव, फाइलचा पत्ता (त्यात तिरप्या रेघा दोन-दोन असतात, त्या तशाच राहू द्या), आणि मग शीटचं नाव, उद्गारचिन्ह, आर व सी या अक्षरांसह ओळ-रकान्याचे आकडे. हा शेवटचा अवतरणातला भाग काढून तिथे तुम्ही दिलेलं नाव लिहा. पुन्हा ऑल्ट+एफ९, मग तक्त्यावर क्लिक करून एफ९. तक्ता पूर्वीसारखा आला तर नाव लागलं.

> इशारा: पत्रकातल्या तक्त्यात आकडा हाताने सुधारू नका. तो पुढच्या अपडेटपर्यंतच टिकतो. चूक दिसली तर मूळ एक्सेलमध्ये जा.

६. ९९९९ टाकून बघा

'भाव' फाइलमध्ये नवतीच्या जागी मुद्दाम ९९९९ टाका, सेव्ह करा. 'हिशेब'मध्ये आकडा आला का? तोही सेव्ह करा. 'पत्रक'मध्ये कंट्रोल+ए, एफ९. तिथे आला का? मग तिन्ही बंद करा, आणि या वेळी भाव, हिशेब, पत्रक याच क्रमाने उघडा; 'भाव' उघडल्यावर खरा भाव टाका. प्रत्येक वेळी अपडेट करा आणि पुढची उघडण्याआधी सेव्ह करा.

हा क्रम रोजचाच ठेवा. पत्रक आधी उघडलं तर ते 'हिशेब'मधला शेवटचा सेव्ह झालेला आकडा घेतं, आणि 'हिशेब' त्या दिवशी उघडलाच नसेल तर तो आकडा कालचा असतो. कुठेही एरर येत नाही. जुना आकडा नीटनेटका छापून येतो, आणि चूक लक्षात येते ती शेतकरी दारात उभा राहिल्यावर.

लाइटचा भरवसा नसेल तर ऑटोसेव्हवर न विसंबता भाव टाकल्या टाकल्या कंट्रोल+एस दाबायची सवय लावा.

७. अपडेट आपोआप की हाताने

वर्डमध्ये फाइल, इन्फो, आणि उजवीकडे तळाशी 'एडिट लिंक्स टू फाइल्स'. फाइल सेव्ह केलेली असेल आणि तिच्यात लिंक असेल तरच हे दिसतं. तिथे प्रत्येक लिंकला ऑटोमॅटिक किंवा मॅन्युअल ठरवता येतं.

रोजच्या पत्रकाला ऑटोमॅटिक ठीक. जोडीला ऑप्शन्समधल्या डिस्प्लेत 'अपडेट लिंक्ड डेटा बिफोर प्रिंटिंग'वर टिक करा. प्रिंटच्या आधी एक खेप आपोआप होते. ज्या तक्त्याचे आकडे मंजूर झाले आहेत, जसं मासिक सभेपुढे ठेवलेला ताळेबंद, तो कंट्रोल+एफ११ ने लॉक करा. पुन्हा सोडायला कंट्रोल+शिफ्ट+एफ११.

एक्सेल उघडताना वरच्या पिवळ्या पट्टीत लिंकचं अपडेट थांबवल्याची सूचना आली, तर फाइल तुमचीच असेल तेव्हा एनेबल करा. व्हॉट्सअॅप किंवा मेलवरून उतरवलेली फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडू शकते; तेव्हा एडिटिंग चालू करेपर्यंत काहीच अपडेट होत नाही. अनोळखी फाइलच्या लिंकला मात्र होकार देऊ नका.

८. फाइल ऑफिसबाहेर जाण्याआधी

लिंक असलेली वर्ड फाइल कोणालाही पाठवू नका. समोरच्याकडे तुमचा डी ड्राइव्ह नाही. त्याने अपडेटला होकार दिला तर आकड्याच्या जागी 'नॉट अ व्हॅलिड लिंक' असा एरर येऊ शकतो, शिवाय तुमच्या फोल्डरचा पत्ता त्याला वाचता येतो.

अपडेट करा, आकडे डोळ्यांखालून घाला, पीडीएफ करा, पीडीएफ पाठवा. वर्डच हवी असं म्हणाले तर आधी 'सेव्ह अॅज' करून दुसरी प्रत करा आणि त्या प्रतीत 'एडिट लिंक्स'मधून सगळ्या लिंक निवडून 'ब्रेक लिंक'. हाच क्रम ठेवा. मूळ फाइलमध्येच ब्रेक करून सेव्ह केलं, तर उद्या पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात.

कंट्रोल+ए आणि कंट्रोल+शिफ्ट+एफ९ हा झटपट मार्ग बरेच जण सांगतात. त्याने मजकुरातली सगळीच फील्ड गोठतात, अनुक्रमणिका आणि तारीखसुद्धा. हेडर-फूटरमधली मात्र तशीच राहतात.

९. महिना बदलताना

सर्वाधिक नुकसान होतं ते इथे. जूनच्या फोल्डरची कॉपी करायची, नाव जुलै ठेवायचं आणि काम सुरू करायचं, अशी सरसकट पद्धत आहे. एक्सेल फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर एकमेकींना नव्या जागीही शोधून घेतात. वर्डच्या लिंकमध्ये मात्र पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे जुलैचं पत्रक जूनच्याच हिशेबाकडे बघत राहतं. त्यात फाइलींची नावं सारखी असतील तर एक्सेल दोन्ही एकाच वेळी उघडूही देत नाही, म्हणजे शेजारी ठेवून तुलनाही करता येत नाही.

म्हणून जिवंत फाइली कायम 'चालू'मध्येच ठेवा. महिना संपला की त्यांची प्रत 'जून' फोल्डरमध्ये काढा, प्रतींची नावं बदलून त्यांत महिना घाला, आणि *प्रतीतल्या* लिंक तोडा, वर्डच्याही आणि एक्सेलच्याही. एक्सेलमध्ये डेटा टॅबखाली 'एडिट लिंक्स' आहे. नव्या आवृत्तीत तिथे 'वर्कबुक लिंक्स' दिसेल. मग 'चालू'मधली जुनी नोंद पुसून नवा महिना सुरू करा. प्रतीतल्या लिंक तशाच ठेवल्या, तर पुढे कधीतरी जूनचं पत्रक उघडताच ते 'चालू'मधले ताजे आकडे ओढून घेईल, आणि ऑडिटरसमोर जूनच्या कागदावर दुसऱ्याच महिन्याची बेरीज निघेल.

१०. तुटलेली लिंक जोडताना

आधी फाइल हलली की तिचं नाव बदललं, ते शोधा. ती जुन्या जागी ठेवता येत असेल तर तेच करा. बाकी काही करावं लागत नाही.

नसेल तर 'एडिट लिंक्स'मधलं 'चेंज सोर्स' वापरून नवा पत्ता द्या. वर्डमध्ये तीस लिंक असतील तर एकेक बदलत बसू नका: ऑल्ट+एफ९ दाबून पत्ते उघडे करा, कंट्रोल+एचने जुना फोल्डर शोधून नवा टाका (तिरप्या रेघा दोन-दोन), पुन्हा ऑल्ट+एफ९, मग कंट्रोल+ए आणि एफ९. आधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

साध्या लिंकमध्ये हॅश-रेफ आला तर पत्त्यातला सेलच पुसला गेला आहे. कोणीतरी मूळ शीटमधली ओळ किंवा रकाना डिलीट केला. तो पत्ता परत येत नाही, नव्याने द्यावा लागतो. म्हणून भाव काढायचा असेल तर डिलीट कीने सेल रिकामा करा, ओळ काढू नका.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी

क्रम हाच, मेनू वेगळे. कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) बरोबरचं चिन्ह टाकून दुसऱ्या फाइलमधला सेल क्लिक केला की लिंक होते. रायटरमध्ये (लिब्रेऑफिसचं वर्ड) पेस्ट स्पेशलमधून डीडीई लिंक निवडायची. केलेल्या लिंकची यादी एडिट मेनूत 'लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स'मध्ये मिळते, आणि फाइल उघडताना अपडेट करायचं की विचारायचं, हे ऑप्शन्समध्ये कॅल्कसाठी आणि रायटरसाठी वेगवेगळं ठरवावं लागतं. अर्ध्या ऑफिसात एमएस ऑफिस आणि अर्ध्यात लिब्रे असेल, तर लिंक असलेल्या फाइली एकाच मशीनवर, एकाच प्रोग्राममध्ये ठेवा आणि बाकीच्यांना पीडीएफ द्या. मोबाइलवर पत्रक वाचायला हरकत नाही, पण तिथे ते अपडेट होईल असं धरून चालू नका.